स्टिअरिंगचं लेदर पुन्हा पुन्हा चिकट होतंय? आधी तेल लावणं बंद करा

लेदरच्या स्टिअरिंगची एक तक्रार माझ्याकडे बारा महिने येते. उजव्या हाताची बाजू काळपट चमकायला लागते, मग चिकट होते. पुसलं की चार दिवस बरं, आणि नंतर परत येरे माझ्या मागल्या. मालक काळजीनं सांगतो, "लेदर कोरडं पडलंय, म्हणून दर रविवारी तेल लावतो." कुणी खोबरेल लावतो, कुणी महागाचं कंडिशनर आणतो. आणि बहुतेक वेळा तेच त्या चिकटपणाचं मूळ असतं.

सांगलीत गाड्यांच्या आतल्या कामात, म्हणजे सीट, दरवाज्याची पॅनेल आणि स्टिअरिंग यांत, माझा दिवस जातो. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. स्टिअरिंगचं लेदर सहसा कोरडं पडत नाही, त्याच्यावरचा थर खराब होतो. हे एकदा पटलं की निम्मे चुकीचे उपाय आपोआप गळून पडतात.

वरचा थर म्हणजे काय

स्टिअरिंगवरचं खरं लेदर साधारण एक ते सव्वा मिलिमीटर जाडीचं कातडं असतं, बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं. त्यावर रंगाचा थर असतो आणि रंगावर पॉलीयुरेथेनचा पारदर्शक थर. दोन्ही मिळून मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही पातळ. तुमचा हात लागतो तो या थराला, कातड्याला नाही.

कोल्हापुरी चपलेला तेल पाजायची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि चपलेच्या बाबतीत ती अगदी बरोबर आहे. ते कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, त्याच्यावर कसलाच प्लास्टिकचा थर नसतो, म्हणून तेल आत मुरतं आणि चप्पल मऊ पडते. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपला सांगली जिल्हाही आहे. तेव्हा हे ज्ञान आपल्या घराघरात असणं साहजिक आहे. पण तेच स्टिअरिंगला लावलं की घोटाळा होतो. तेल आत जायला वाटच नसते. ते पारदर्शक थरावर बसून राहतं, धूळ आणि घाम धरून ठेवतं आणि हळूहळू त्या थरालाच मऊ करतं. त्यात एप्रिल-मेचं ऊन, काचेतून येणारी अतिनील किरणं आणि पावसाळ्यातली दमट हवा. उष्णता आणि ओल मिळून पॉलीयुरेथेनची साखळी तुटायला लागते. मग पुसा नाही तर घासा, चिकटपणा आतूनच येत राहतो.

आधी नीट बघा

गाडी सावलीत लावा, चाकं सरळ ठेवा. मोबाइलचा टॉर्च पेटवून स्टिअरिंगवर आडवा धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून घसरत गेला पाहिजे. आधी मागची बाजू बघा, जिथं बोटांशिवाय काही पोचत नाही. तिथं लेदरचा मूळ पोत दिसेल, बारीक सुरकुत्या आणि छिद्रं असलेला, आणि रंग मंद असेल. मंद म्हणजेच निरोगी. लेदर चमकलं पाहिजे ही समजूत डोक्यातून काढून टाका. कारखान्यातून निघताना स्टिअरिंग चमकत नसतं.

आता उजवी बाजू बघा. आपल्याकडे स्टिअरिंग गाडीच्या उजव्या अंगाला असल्यामुळे डावा हात गिअरवर जात-येत असतो, उजवा मात्र चाकावरच असतो. म्हणून घड्याळाचे आकडे डोळ्यांपुढं आणले तर दोन ते चारच्या मधला पट्टा सगळ्यात आधी जातो. त्याच्या खालोखाल सहाजवळचा, कारण हायवेला लागलं की बरेच जण तिथं एका हाताची बोटं अडकवून निवांत बसतात.

पांढरं सुती फडकं पाण्यानं ओलं करून घट्ट पिळा आणि उजवा पट्टा दहा-बारा वेळा पुसा. फडक्यावर काय येतं ते महत्त्वाचं आहे. स्टिअरिंग काळं असूनही फडक्यावर तपकिरी, चहासारखा डाग आला तर तो मळ आहे. तुमचं लेदर शाबूत आहे, नुसती साफसफाई पुरेल. फडक्यावर काळाच रंग आला तर रंगाचा थर सुटतोय. पुसून झाल्यावर रात्रभर वाळू द्या आणि सकाळी अंगठ्याचं नख हलकेच टेकवा. नखाचा ठसा उठला, किंवा नखाखाली डिंकासारखं काही आलं, तर वरचा थर विरघळायला लागलाय. त्याला साफसफाई पुरणार नाही.

पोतच नाहीसा झाला असेल, जागा फिकट पडून बोटाला मखमली लव लागत असेल, तर थर संपून खालचं कातडं उघडं पडलंय. आणि पापुद्रे निघत असतील, पापुद्र्याखाली विणलेलं कापड दिसत असेल, तर वाईट वाटून घेऊ नका, पण ते लेदर नव्हतंच. ते रेक्झिन. गाडीच्या माहितीपत्रकात लेदरसारखा दिसणारा शब्द असला तरी आत पीव्हीसी किंवा पीयूचं कृत्रिम कापड असतं, असं आपल्याकडे खूप गाड्यांत आहे. खरं लेदर झिजलं की त्याची लव उठते, कापडावरचा थर निघाला की पापुद्रा निघतो. ओळखायची सगळ्यात खात्रीची खूण तीच. पाण्याचा थेंब टाकून बघा, काडी लावून वास घ्या असले प्रयोग करू नका. थर दिलेल्या लेदरवर पाणी मुळात मुरत नाही, आणि काडीनं फक्त डाग पडतो.

जुनी गाडी घ्यायला गेलात तर हीच तपासणी तिथंही करा. मीटरवर किलोमीटर कमी आणि उजवा पट्टा गुळगुळीत, असा मेळ बसत नसेल तर सर्व्हिसची नोंद मागून घ्या.

दोष हातावर शोधा

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार गाडी घेऊन आले होते. गाडी ठेवलेली छान, आत एक कचरा नाही, आणि स्टिअरिंगचा उजवा पट्टा मात्र गेलेला.

"आण्णा, बेदाण्याच्या शेडवरून थेट गाडीत बसता का?"

"मग काय. पण हात धुतो की. साबणानं धुतो."

"आणि डिपिंगचं पाणी?"

आण्णांनी तळहात उलटासुलटा करून बघितला. बोटांच्या पेरांवर कातडी पांढुरकी, कोरडी पडली होती. बेदाण्यासाठी द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात त्यात एक लिटर पाण्याला साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलि डिपिंग ऑइल असतं. म्हणजे एकाच वेळी खार (अल्कली) आणि तेल. जे द्रावण द्राक्षाच्या सालीवरचं मेणचट आवरण सैल करून आतलं पाणी बाहेर यायला वाट करून देतं, ते स्टिअरिंगच्या पातळ थराला सोडेल होय? फेब्रुवारी ते एप्रिल शेडवर हेच काम, आणि दिवसातून कितीतरी वेळा त्याच हातानं गाडी. छाटणीनंतर बोर्डो फवारणारे, मोरचूद आणि चुना कालवणारे, यांचीही तीच गत. चुना हाही खारच, आणि मोरचुदाचा निळसर-हिरवा अंश स्टिअरिंगच्या शिवणीच्या टाक्यांत जाऊन बसतो. (हा रंग दोऱ्यावर दिसला की समोरच्याचा बागेचा व्यवसाय मला विचारावा लागत नाही.)

लेदरचा स्वभाव आंबटाकडचा आहे. कमावलेल्या कातड्याचा पीएच साधारण चारच्या आसपास असतो, अंगाच्या साबणाचा नऊ-दहा, कपड्यांच्या पावडरचा त्याहून वर. म्हणून खार कुठलाही असो, तो लेदरच्या मुळावर येतो. फरक इतकाच की धडधाकट थरावर तो हळू काम करतो आणि झिजलेल्या जागी झपाट्यानं.

बाग नसलेल्यांनी निश्चिंत राहू नये. २०२० पासून गाडीत सॅनिटायझरची बाटली आली ती अजून गेलेली नाही. त्यात ६० ते ७० टक्के अल्कोहोल असतं. हाताला चोळून ते उडून जायच्या आधी चाक धरलं की वरचा थर त्या ओल्या अल्कोहोलनं मऊ होतो आणि मुठीच्या दाबानं घासला जातो. सनस्क्रीन आणि हँड क्रीम यांचं तेल त्याच मार्गानं जातं. आणि आपलं भडंग! गाडीत भडंगाची पुडी फुटली की तेल, तिखट, लसूण आणि हळद चारही एकदम स्टिअरिंगवर. भडंग खाऊ नका असं सांगलीत राहून मी कुणाला सांगणार नाही, पण शेजारच्या सीटवरच्यानं खावं आणि चालवणाऱ्यानं थांबल्यावर खावं.

अंगठी आणि कडं हे वेगळं प्रकरण. ते रसायन नव्हे, धार. उजव्या हातात जाड अंगठी असेल तर मुठीच्या आत जिथं ती टेकते तिथं एक ठरावीक बारीक ओरखडा पडतो आणि पुढं त्या रेषेतूनच थर उकलतो. पट्टा सगळीकडे चांगला आणि एकाच जागी आडवी चीर, असं दिसलं तर आधी आपली बोटं बघा.

हळदीचा डाग

हे सांगलीसाठी वेगळं लिहितोय, कारण मार्केट यार्डात हळदीच्या व्यवहारात असणाऱ्यांच्या गाड्यांत हा डाग हमखास असतो, आणि स्टिअरिंग काळं असेल तर कळतही नाही. बेज किंवा टॅन रंगाचं असेल तर मात्र जीव जातो.

हळदीचा पिवळा रंग करक्युमिनचा. करक्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं, आणि खार लागला की लाल होतं. हळदीत चुना मिसळून कुंकू करतात ते याच गुणावर. आता कल्पना करा, पिवळा डाग दिसला म्हणून कुणी भांड्याचा साबण घेऊन घासतो आणि डाग विटकरी लाल होतो. तो घाबरून आणखी साबण लावतो. असं स्टिअरिंग माझ्याकडे आलं की डागापेक्षा घासल्यानं उडालेला रंगच दुरुस्त करावा लागतो.

करायचं एवढंच. कोरड्या मायक्रोफायबरनं आधी भुकटी टिपून घ्या, चोळू नका. मग पीएच सौम्य असलेल्या लेदर क्लिनरनं एकदा हलक्या हातानं पुसा. उरलेल्या पिवळ्या छटेला हात लावू नका. करक्युमिन उजेडात टिकत नाही, गाडी रोज वापरात असली की काही दिवसांत छटा फिकी पडत जाते. ऊन हा स्टिअरिंगचा वैरी असला तरी या एका कामात ते आपल्या बाजूनं असतं.

साफसफाई, घरच्या घरी

महागड्या सामानाची गरज नाही. लेदर क्लिनर मिळाला तर उत्तम, नाहीतर लहान मुलांचा शांपू किंवा लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं लिक्विड, अर्धा लिटर पाण्यात एक चमचा. पाणी बोअरचं नको. आपल्या कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात जमीनही खारवलेली आणि बोअरचं पाणीही जड, ते वाळलं की टाक्यांत पांढरं मीठ उरतं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही पेट्रोल पंपाजवळच्या दुकानात मिळतं, ते वापरा. नाहीतर आरओचं. एक मऊ केसांचा ब्रश, लहान मुलांचा मऊ टूथब्रश चालतो, आणि दोन-तीन मायक्रोफायबरची कापडं. गाडी गार असताना काम करा. तापलेल्या लेदरवर पाणी पडलं की ते लगेच वाळतं आणि मळ जागच्या जागी बसतो.

द्रावण स्टिअरिंगवर कधीही फवारू नका. आवाजाची, क्रूझची, फोनची बटणं आणि हॉर्न, सगळं त्याच चाकात आहे, आणि फवारलेलं पाणी बटणांच्या फटीतून आत जातं. वाटीत द्रावण फेसाळून घ्या, ब्रशवर नुसता फेस घ्या आणि चाकाचा पाव भाग एका वेळी घ्या. ब्रश गोल-गोल, वजन न देता फिरवा. टाक्यांपाशी आलात की दोऱ्याच्या दिशेनंच फिरवा, आडवा फिरवला की दोऱ्याचे तंतू उठतात. फेस तपकिरी झाला की लगेच कापडानं उचला. वाळू द्यायचा नाही, फेसाबरोबर वर आलेला मळ तिथंच परत बसतो. मग दुसरं कापड नुसत्या पाण्यात बुडवून, पिळून, साबणाचा अंश पुसा. हा टप्पा लोक हमखास गाळतात, आणि उरलेला साबण पुढच्या घामाबरोबर पुन्हा चिकट होतो. शेवटी कोरडं कापड.

पहिल्या वेळी एका पट्ट्याला दोन-तीनदा करावं लागेल. फेस पांढरा राहिला की थांबा. सावलीत दरवाजे उघडे ठेवून तासभर वाळू द्या. नंतर चाक धराल तर ते थोडं कोरडं, किंचित घट्ट पकडणारं लागेल. अनेकांना वाटतं की आता कंडिशनर लावायलाच हवं. नाही. हीच त्याची मूळची पकड आहे. तेलकट मुलायम चाक हातातून सटकतं, आणि पाचवडच्या पुलापाशी किंवा खंबाटकीच्या वळणावर तुम्हाला पकड हवी असते, मुलायमपणा नको.

कंडिशनर पूर्ण वाईट आहे असं मी म्हणत नाही. जिथं थर झिजून कातडं उघडं पडलंय तिथं दुरुस्ती होईपर्यंत नखाएवढं क्रीम कापडावर घेऊन लावलं, पंधरा मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढलं, तर फायदा होतो. वर्षातून दोनदा, बस. धडधाकट थराला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य.

आता जे वापरायचं नाही ते. थिनर, पेट्रोल, रॉकेल, नेल पॉलिश रिमूव्हर: थर जागेवर विरघळतो. बुटाचं पॉलिश: हाताला आणि मग शर्टाला लागतं. डॅशबोर्डचं चकचकीत पॉलिश: त्यात बहुतेकदा सिलिकॉन असतं, चाक घसरट होतं आणि पुढं कधी रंग द्यायची वेळ आली तर रंग धरत नाही, त्यात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पांढरा जादूचा स्पंज म्हणून मिळतो तो मेलामाइनचा फेस, म्हणजे अतिबारीक पॉलिश पेपरच. पहिल्या हातात स्टिअरिंग नवं दिसतं कारण मळाबरोबर थरही निघालेला असतो. टाल्कम पावडर लावून चिकटपणा झाकणारेही भेटतात. पावडर घाम शोषते आणि त्याचा गारा होतो.

साफ करूनही चिकट असेल तर

तर वरचा थर मेलाय आणि तो परत जिवंत होत नाही. कुठलंही क्रीम त्याला घट्ट करू शकत नाही, विकणारा काहीही म्हणो. मऊ झालेला थर काढायचा आणि नवा द्यायचा, हाच उपाय. झिजून फिकट पडलेल्या जागेलाही कामाची पद्धत तीच.

हात बसलेला असेल तर घरी करता येतं. आधी वर सांगितल्याप्रमाणे साफसफाई, मग पूर्ण एक दिवस वाळवणं. बटणं, स्पोकचे प्लास्टिकचे भाग आणि मधलं कव्हर यांना मास्किंग टेप लावा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन मऊ थर आणि मुरलेलं तेल उचला. एरवी ज्याच्यापासून लेदर वाचवायचं तेच इथं औषध आहे, कारण इथं थर काढायचाच आहे. उठलेली लव १००० ते १२०० नंबरच्या पॉलिश पेपरनं, हातानं, दोन-चार फेऱ्यांत बसवा. यंत्र लावू नका. खोल चीर असेल तर लेदर फिलर, म्हणजे चीर भरायची पेस्ट, अगदी पातळ, वाळवून पुन्हा पातळ.

रंग पाण्यात मिसळणारा, लेदरसाठीचाच घ्या. स्पंजच्या तुकड्यावर थोडासा घेऊन टिपत-टिपत लावा. पहिला हात इतका पातळ हवा की खालचं दिसत राहील. प्रत्येक हातानंतर हेअर ड्रायर लांबून, मंद. चार-पाच पातळ हात एका जाड हातापेक्षा कितीतरी जास्त टिकतात, जाड हात पहिल्याच उन्हाळ्यात तडकतो. आणि रंग फक्त झिजलेल्या जागेवर लावू नका. स्टिअरिंगचं लेदर तीन-चार तुकड्यांचं शिवलेलं असतं, रंग एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत न्या. म्हणजे छटेत थोडा फरक असला तरी तो शिवणीवर संपतो आणि डोळ्याला दिसत नाही. काळा हा एकच रंग नसतो. कुठला निळ्याकडं झुकतो, कुठला तपकिरीकडं, म्हणून मागच्या बाजूला आधी ठिपका लावून, वाळवून बघा.

शेवटी पारदर्शक टॉप कोट, मॅट. चकचकीत घेऊ नका, उन्हात त्याची तिरीप डोळ्यात येते. टॉप कोटबरोबर क्रॉसलिंकर, म्हणजे थर घट्ट बांधणारं द्रव्य, मिळत असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात जरूर घाला. हात जिथं रोज घासतो तिथं त्याच्याशिवायचा थर टिकत नाही. तासाभरात हाताला कोरडं लागेल, पण पूर्ण पिकायला आठवडा लागतो. त्या आठवड्यात ओलं कापड, क्लिनर, सॅनिटायझर काहीही नको. गाडी चालवायला एक रात्र थांबलात तर फार चांगलं.

मधल्या कव्हरला, ज्याच्या आत एअरबॅग आहे, रंग किंवा फिलर लावू नका. अपघातात ते कव्हर ठरलेल्या रेषेवरच फाटावं लागतं. फिलरनं ती रेष भरली तर एअरबॅगच्या उघडण्यात अडथळा येतो. याच कारणासाठी तिथं धातूचे चमकते स्टिकर, देवाचा बिल्ला असं काही चिकटवू नका. एअरबॅग उघडताना ते सुटून चेहऱ्यावर येतं. देव डॅशबोर्डवरही एअरबॅग उघडते त्या जागी ठेवू नका.

लेदरच फाटलं असेल, तर

तेव्हा नवं लेदर शिवून घेणं हाच मार्ग, आणि त्यासाठी बरेच कारागीर स्टिअरिंग उतरवून घेतात. इथं मी हात जोडून सांगतो, रस्त्याकडेला गाडी उभी करून कुणाला ते उतरवू देऊ नका. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या सगळ्या गाड्यांत चालकाची एअरबॅग आहेच, त्याआधीच्याही कितीतरी गाड्यांत आहे. बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, गाडीच्या पुस्तकात दिलेली वेळ थांबायचं, मगच एअरबॅगच्या कनेक्टरला हात. शिवाय स्टिअरिंगच्या मागं क्लॉक स्प्रिंग असतो, म्हणजे गुंडाळलेली चपटी वायर. स्टिअरिंग उतरल्यावर तो जागचा फिरला आणि तसाच बसवला, तर पहिल्याच पूर्ण वळणात वायर तुटते. मग हॉर्न बंद, बटणं बंद आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा. उतरवायचं आणि बसवायचं काम एअरबॅग जाणणाऱ्या मेकॅनिकनं करावं, शिवायचं काम कुशनवाल्यानं. दोघं वेगळे असले तरी चालतं.

नुसता दोरा सुटला असेल तर तो ओढू नका, कापू नका, लायटरनं जाळून टोक वितळवू नका. सुटलेलं टोक टेपनं धरून ठेवा आणि कुशनवाल्याकडे न्या. वाकडी सुई आणि मेण लावलेला नायलॉनचा दोरा असला की जुन्याच भोकांतून तो पुढचे टाके घेतो आणि काम तासाभराचं असतं.

तयार कव्हर घालू का?

हा प्रश्न रोजचा. रबराच्या कड्यासारखं वरून चढवायचं कव्हर मला पसंत नाही. ते मूळ लेदरवर फिरत राहतं, आतल्या आत घासतं, आणि घामाची ओल कोंडून ठेवतं. दोन उन्हाळ्यांनी काढलं की खालचं मूळ लेदर गेलेलं असतं, म्हणजे जे वाचवायला घातलं तेच गमावलं. शिवाय वळणावर ते सरकलं तर चाक हातात आणि गाडी भलतीकडे. घालायचंच असेल तर सुई-दोऱ्यानं शिवायचं, मापाचं घ्या, चाकाचा व्यास आणि जाडी दोन्ही टेपनं मोजून. आणि शिवण्याआधी मूळ लेदर स्वच्छ करून पूर्ण वाळवा. स्टिअरिंग रेक्झिनचं असेल आणि पापुद्रे निघायला लागले असतील, तर मात्र शिवलेलं कव्हर हाच सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ मार्ग आहे. रेक्झिनला रंग देऊन पैसे घालवू नका, खालचं कापड सुटतच राहतं.

उन्हाळा, पावसाळा

सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, आणि बंद गाडीत काचेखालचं स्टिअरिंग त्याच्या कितीतरी वर तापतं. समोरच्या काचेला चांदीचा पडदा लावा. तो नसेल तर पांढरा सुती पंचा दुहेरी करून चाकावर टाका, एवढ्यानंही वरच्या अर्ध्या भागाचं ऊन तुटतं. पंचा रंगीत नको, नवा तर मुळीच नको, घामानं त्याचा रंग उतरतो.

पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहिली की लेदरवर पांढुरके ठिपके येतात. ते बहुतेक बुरशीचे असतात, मिठाचे असतील तर ओल्या फडक्यानं लगेच विरघळतात. गाडी मोकळ्या हवेत आणून बुरशी कोरड्या कापडानं उचला, मग क्लिनरनं पुसा, काचा उघड्या ठेवून वारा लागू द्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात गेल्या, त्यांची गोष्ट वेगळी. चाकाच्या आतल्या फोममध्ये गाळाचं पाणी मुरलेलं असतं, तिथं वरून काही करण्यात अर्थ नाही, आणि एअरबॅगची वायरिंग तपासल्याशिवाय ती गाडी चालवूही नये.

गाडी नवीन असेल तर पहिल्या महिन्यातच लेदरसाठीचं संरक्षक कोटिंग लावून घ्या, थर कोवळा आणि स्वच्छ असतानाच ते नीट धरतं. त्यानंतर आठवड्यातून एकदा, घट्ट पिळलेल्या ओल्या मायक्रोफायबरनं चाक पुसणं आणि लगेच कोरडं करणं, याहून जास्त काही लागत नाही. शेडवरून, बागेतून, यार्डातून येणाऱ्यांनी दाराच्या कप्प्यात पाण्याची एक बाटली आणि एक नॅपकिन ठेवावा, आणि चावी फिरवायच्या आधी हात धुऊन कोरडे करावेत. सॅनिटायझर वापरलात तर हात पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबा, अर्धा मिनिट पुरतो.